आमचा ऋतुसंहार

सहलीला कोठे जायचे हे ठरवायला आमच्या घरी सहा मिनिटे लागली. केव्हा जायचे हे ठरवायला सहा वर्षे लागली.

त्या सहा मिनिटांतलीही चार माझ्याच शंकाकुशंकांत गेली. एरवी मुलीने तोंड उघडल्याबरोबर ठराव मंजूर झाल्यासारखाच होता. ही गोष्ट 2019 च्या दिवाळीतली. थोरली तेव्हा सात वर्षांची होती. चकलीचा तुकडा मोडता मोडता ती म्हणाली, "बाबा, आपण इमॅजिकाला जाऊ या ना." धाकटा तीन वर्षांचा, त्याने हातातली चकली वर करून अनुमोदन दिले. खोपोलीजवळचे हे उद्यान 2013 साली सुरू झाले, तेव्हापासून आमच्या डोंबिवलीच्या इमारतीतली निम्मी बिऱ्हाडे तेथे जाऊन आली होती, आणि आपण उरलेल्या निम्म्यांत आहोत याची जाणीव मुलांना फार लवकर होते. सौभाग्यवतीने मान डोलावली. आई म्हणाली, "न्या की." मीही उदारपणे म्हणालो, "जाऊ की! फक्त ऋतू बरा पाहून जाऊ."

हे शेवटचे वाक्य मी इतक्या सहजपणे बोलून गेलो की ते मुळात माझे नव्हेच, हे माझ्या लक्षातही आले नाही. ते कोणाचे, हे पुढे येईलच.

मी कॉलेजात मराठी शिकवतो. घरात ऋतूंविषयी कोणाला अधिकारवाणीने बोलता येत असेल तर ते मलाच, अशी माझी प्रामाणिक समजूत होती. दुर्गाबाई भागवतांचे ‘ऋतुचक्र’ शिकवता शिकवता मी त्यांच्या बोटाला धरून बाराही महिने कितीतरी वेळा फिरून आलो आहे. कालिदासाचे ‘ऋतुसंहार’ तर हाताशी असतेच. या नावातल्या ‘संहारा’चा संस्कृत अर्थ एकत्र गुंफणे असा आहे, मराठी कानाला मात्र त्यात कत्तल ऐकू येते. आमच्या घरी झाला तो मराठी अर्थाचा ऋतुसंहार. एका जुन्या डायरीत मी सहा रकाने आखले आणि एकेक ऋतू त्यात उभा करून त्याचा शिरच्छेद करू लागलो.

कालिदासाने सुरुवात ग्रीष्मापासून केली, म्हणून मीही तेथूनच केली. मे महिन्यात मुलांच्या शाळांना सुट्टी, मलाही सुट्टी (उत्तरपत्रिकांचे गठ्ठे सोडून), म्हणजे सोय सगळी आहे. पण घाटाच्या पायथ्याशी मेमधले ऊन! समुद्राचा वारा तेथवर पोहोचेपर्यंत बिचारा दमून जातो. वर आकाश, खाली सिमेंट, दोन्ही बाजूंना तापलेले लोखंडी कठडे आणि त्यांतून नागमोडी जाणारी रांग. कालिदासाच्या ग्रीष्मात उन्हाने कासावीस झालेला साप वैर विसरून मोराच्या पिसाऱ्याच्या सावलीला येऊन बसतो. मेमधल्या रांगेतही हेच घडते. ज्या लठ्ठ गृहस्थाशी आपण मघाशी रांग मोडल्याबद्दल भांडलो, त्याच्याच सावलीत आपण हळूच सरकत असतो. पाण्यात खेळण्याच्या उद्यानांना हाच हंगाम मानवतो हे खरे. पण आईला घसरगुंडीवरून पाण्यात कोण ढकलणार? ग्रीष्म खोडला.

वर्षा ऋतूविषयी तर बोलायलाच नको. मुंबईत एकट्या जुलैत सरासरी 900 मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो. पाऊस जोराचा झाला, विजा चमकू लागल्या, की उंच पाळणे थांबवावे लागतात. म्हणजे तिकीट काढून आत जायचे आणि छत्रीखाली उभे राहून न फिरणाऱ्या पाळण्याकडे पाहत राहायचे. शिवाय त्या बाजूचा पाऊस केवळ सर्दी-पडशाचा नाही. जुलै 2015 मध्ये द्रुतगती मार्गावर आडोशी बोगद्याजवळ दरड कोसळली. जुलै 2023 मध्ये त्याच खालापूर तालुक्यातली इर्शाळवाडी रात्रीच्या अंधारात दरडीखाली गेली. तेथल्या पावसाची थट्टा करताना माणसाने जरा जपूनच असावे. वर्षा ऋतू मी दोन रेघा मारून खोडला.

शरद! कवींनी शरदाचे एवढे कौतुक केले ते चांदणे पाहून. त्यांना दुपारी बारा वाजता बाहेर काढायला हवे होते. आपल्याकडचे ऑक्टोबरमधले दुपारचे तापमान मेच्या तोडीस तोड असते, आणि पावसाळ्याची ओल अजून हवेत असल्याने घामाच्या धारा वर. त्यातच दिवाळीची सुट्टी. मुंबई, पुणे, नाशिक, सुरत या सर्व शहरांतल्या सर्व वडिलांना एकाच आठवड्यात आपल्या कर्तव्याची आठवण होते.

खरा ऋतू म्हणजे हेमंत आणि शिशिर. डिसेंबर, जानेवारी आणि फेब्रुवारीचा पूर्वार्ध. कोरडी हवा, सकाळी अंगावर शाल घ्यावी इतका गारवा, दुपारी सोसवेल इतके ऊन. कोणीही शहाणा माणूस हेच सांगेल. सांगतोच; म्हणून तर नाताळच्या आठवड्यात सगळे शहाणे तेथे एकत्र जमतात, आणि तिकिटांचे दरही गर्दी पाहून वर चढतात. जानेवारीतला एखादा मधला वार घ्यावा, तर एका मुलाचे स्नेहसंमेलन, दुसऱ्याची चाचणी, माझे अभ्यासमंडळ आणि कोणातरी चुलतभावाचे लग्न. राहता राहिला वसंत. वसंताला मराठी मध्यमवर्गात मार्च म्हणतात. सौभाग्यवती बँकेत आहे. मार्चमध्ये ती घरी येते हेच आम्ही उपकार समजतो.

म्हणजे हवा चांगली तेव्हा गर्दी, गर्दी नाही तेव्हा हवा वाईट, आणि दोन्ही ठीक असेल तेव्हा परीक्षा. डायरीतले सहाही रकाने खोडून झाले आणि 2020 चा मार्च उजाडला. मग सारीच उद्याने बंद झाली. उद्यानेच काय, इमारतीचे फाटकही बंद झाले. त्या काळात ऋतूचा प्रश्न आपोआप मिटला आणि, एक गोष्ट कबूल करतो, मला थोडे हायसे वाटले. जग त्या अवस्थेत असताना एका माणसाला पाळण्यात बसावे लागणार नाही म्हणून हायसे वाटावे, हे चांगले लक्षण नव्हे. मी ते कोणाला सांगितले नाही.

साथ ओसरली, उद्याने उघडली आणि थोरलीने विषय पुन्हा काढला. आता ती दहा वर्षांची होती. मी पुन्हा डायरी काढली. पण नुसत्या हवेवर भागेना, म्हणून मी या विषयाच्या मुळाशी जायचे ठरवले. प्राध्यापकाला एखादी गोष्ट करायची नसली की तो तिच्या मुळाशी जातो.

मुळाशी वॉल्ट डिस्ने बसलेला होता, तोही एका बाकावर. लॉस एंजेलिसच्या ग्रिफिथ पार्कमध्ये घोड्यांचा एक चक्री पाळणा आहे. सुट्टीच्या दिवशी डिस्ने आपल्या दोन मुलींना तेथे आणी. मुली पाळण्यात फिरत आणि हा बाकावर बसून शेंगा खात त्यांच्याकडे पाहत राही. मुले मजा करतात आणि आईबाप नुसते बसून राहतात. दोघांनाही एकत्र मजा करता येईल अशी जागा का असू नये, असे त्याला तेथे वाटले, असे तो पुढे सांगत असे. त्यातून ॲनाहाइमचे डिस्नेलँड उभे राहिले आणि 17 जुलै 1955 रोजी उघडले. आता पाहा, ज्याने ही सारी कल्पना काढली त्यालाही ऋतू साधला नाही! भर जुलै, कडक ऊन. नुकतेच घातलेले डांबर इतके मऊ पडले की बायकांच्या उंच टाचा त्यात रुतल्या. नळकारागिरांच्या संपामुळे पिण्याच्या पाण्याचे बरेच कारंजे-नळ कोरडे. बनावट निमंत्रणे घेऊन हजारो माणसे आत शिरलेली. हे लोक अनुभवाने शहाणे झाले. फ्लॉरिडातले पुढचे उद्यान त्यांनी 1971 साली उघडले ते 1 ऑक्टोबरला, मुद्दाम गर्दीचा नसलेला हंगाम पाहून. पहिल्या दिवशी सुमारे 10,000 माणसे आली आणि सारे निभावले. टोकियोत 1983 साली उद्यान उघडले तेव्हा तिथला पाऊस ध्यानात घेऊन प्रवेशाजवळच्या सबंध बाजारपेठेवर काचेचे छत घातले. पॅरिसजवळ 1992 साली थंडी-पावसासाठी मुख्य रस्त्याच्या दोन्ही अंगांना झाकलेल्या वाटा बांधल्या.

हे सगळे मी एका रात्री जेवताना मोठ्या रंगात येऊन सांगत होतो. सिद्धान्त असा मांडला की, इतक्या मोठ्या माणसाला पहिल्या खेपेस ऋतू साधला नाही, तर आपणही घाई करू नये. धाकटा टाचा रुतल्याच्या गोष्टीवर खूश होता. सौभाग्यवती वाढता वाढता थांबली.

"अहो, त्या मुलींचं पुढे काय झालं?"

"कोणत्या मुली?"

"त्याच, पाळण्यातल्या. ते उद्यान उघडलं तेव्हा त्या केवढ्या होत्या?"

हा प्रश्न माझ्या टिपणात नव्हता. मी उठून पाहून आलो. थोरली डायॅन 1933 सालची. उद्यान उघडले तेव्हा ती 21 वर्षांची होती, तिचे लग्न होऊन तिला एक मुलगाही झालेला होता. धाकटी शॅरन 18 वर्षांची.

मी ते जसेच्या तसे सांगितले. कोणी काही बोलले नाही. मग सौभाग्यवती म्हणाली, "आमटी वाढू?"

एवढे होऊनही आम्ही गेलो नाही. माणूस एखादी गोष्ट समजल्याने लगेच सुधारतो असे मानणाऱ्यांनी वीस वर्षे अध्यापन करून पाहावे.

गेल्या जूनमध्ये शाळा नुकत्याच सुरू झाल्या होत्या. एका संध्याकाळी थोरली (आता तेरा वर्षांची, माझ्या खांद्याला लागते) बूट सोडता सोडता म्हणाली, "बाबा, दिवाळीच्या सुट्टीत आमच्या क्लासच्या मैत्रिणी इमॅजिकाला जाणार आहेत. मी त्यांच्याबरोबर जाऊन येते. तुम्ही सावकाश ठरवा." तिच्या आवाजात राग नव्हता, टोमणाही नव्हता. ती माझी अडचण समजून घेत होती. मुलाने आपल्यावर रागवावे. आपली अडचण समजून घेऊ नये.

आई शेजारी गवार निवडत बसली होती. ती तेव्हा काही बोलली नाही. रात्री सगळी निजानीज झाल्यावर माझ्या टेबलापाशी आली आणि लाल कापडी बांधणीची एक लांबट वही तिने माझ्यापुढे ठेवली. नानांची हिशेबाची वही. नाना म्हणजे माझे वडील. 2014 साली ते गेले.

"तुला आठवतं का रे, तू गोराईला न्या म्हणून मागे लागायचास?"

न आठवायला काय झाले? 1989 साली गोराईला एस्सेलवर्ल्ड उघडले तेव्हा मी दहा वर्षांचा होतो. ते आता बंद आहे. पण त्या काळी मुंबईतल्या मुलाला स्वर्ग म्हणजे काय हे निराळे समजावून सांगावे लागत नसे. स्वर्गाला जायचा मार्गही ठाऊक असे: लोकलने मालाड, तेथून बसने मार्वे, आणि मार्व्याहून लाँचने खाडी ओलांडून पलीकडे. आम्ही परळच्या चाळीत राहत होतो. वर्गातला एक मुलगा तिकिटाचा अर्धा तुकडा कंपासपेटीत ठेवून वर्षभर मिरवत होता. मी नानांकडे हट्ट धरला. नाना म्हणाले, "जाऊ की. फक्त ऋतू बरा पाहून जाऊ."

मेमध्ये ते म्हणाले, ऊन फार, रांगेत भोवळ येईल. जूनमध्ये, आता खाडी खवळली. ऑक्टोबरमध्ये, हे ऊन पित्ताला वाईट. डिसेंबरात, लाँचवरचा वारा तुझ्या टॉन्सिलना बाधेल. फेब्रुवारीत वार्षिक परीक्षा. मी हे सारे खरे मानले. नुसते खरे मानले नाही, तर वर्गात अभिमानाने सांगितले की, तुम्ही लोक गेलात ते चुकीच्या ऋतूत गेलात. आमच्या नानांना हवेतले कळते. पुढे मी मोठा झालो, गोराईचे वेड ओसरले आणि नानांना हवेतले कळते ही समजूत तेवढी मनात राहून गेली.

आईने वही उघडून दिली. नानांचे अक्षर वळणदार. गिरणीच्या कचेरीत कारकून होते. 1982 च्या संपानंतर ती नोकरी राहिली नाही आणि ते एका कापडाच्या दुकानात हिशेब लिहू लागले. घरचा हिशेबही त्याच शिस्तीने लिहीत. 1990 च्या एप्रिलच्या पानावर खाली लिहिले होते: ‘गोराई, 2 मोठी, 2 लहान.’ त्याखाली तिकिटे, लोकल, बस, लाँच, खाणे, आणि बेरीज. मग त्या सबंध मजकुरावर पट्टीने मारलेली एक सरळ रेघ, आणि समासात एकच शब्द: ‘चष्मा’. ताईला त्या वर्षी चष्मा लागला होता. ऑक्टोबरच्या पानावर पुन्हा ‘गोराई’, पुन्हा तीच बेरीज, पुन्हा पट्टीची रेघ. समासात ‘आईचे औषध’. 1991 च्या जानेवारीत तिसऱ्यांदा. तेथे समासात काही लिहिले नव्हते.

मी बराच वेळ त्या रेघांकडे पाहत राहिलो. पट्टी न हलू देता मारलेल्या होत्या.

आई म्हणाली, "ऊन-पाऊस त्यांना कुठला कळायला? जन्मभर छत्री दुकानात विसरून भिजत घरी येणारा माणूस."

मग तिने विचारले, "त्यांचं पैशाला अडत होतं. तुझं कशाला अडतंय?"

या प्रश्नाचे उत्तर मला चांगले माहीत होते. आजवर ते कोणी विचारले नव्हते एवढेच. पगार आहे, रजा शिल्लक आहेत. माझे अडत होते ते एका जुन्या पाळण्याला. एम.ए.च्या वर्षी मित्रांबरोबर एका जत्रेत मी आकाशपाळण्यात बसलो होतो. वीज गेली आणि आमचा पाळणा नेमका वरच्या टोकाला थांबला. दहा-बारा मिनिटेच गेली असतील. मित्र वरून गाणी म्हणत होते. मी डोळे मिटून कठडा धरून बसलो होतो आणि खाली उतरल्यावर पोट बिघडल्याचे सांगितले होते. तेव्हापासून चौथ्या मजल्याच्या गॅलरीतही मी भिंतीकडच्या बाजूला उभा राहतो. पण थोरलीला झुरळ, पाल, अंधार यांपैकी कशाचेही भय वाटले की ती बाबांना हाक मारते. त्या मुलीसमोर त्या लोखंडी रुळांवर आपले काय होईल, याचा विचार मी सहा वर्षे करत होतो आणि डायरीत लिहीत होतो कालिदास.

एवढे सगळे मी आईला सांगितले नाही. "बघतो," म्हणालो. ती म्हणाली, "बघू नकोस. पुढच्या आठवड्यात जाऊ. मीही येणार आहे."

"पावसाळ्यात?"

"भिजू."

ज्या कोणाला या विषयात खरोखर सल्ला हवा असेल त्याच्यासाठी येथे दोन ओळी. आम्ही जुलैतला, आठवड्यातला मधला वार घेतला. उद्यान त्या दिवशी चालू आहे ना याची आधी चौकशी केली, कारण पावसाळ्यात अशा ठिकाणी डागडुजीसाठी कधीकधी सुट्टी असते. हवामान खात्याचा नारिंगी किंवा लाल इशारा नाही हे आदल्या रात्री आणि पुन्हा पहाटे पाहिले. असता तर खुशाल घरी बसलो असतो. प्रत्येकाला कपड्यांचा एक जादा जोड. छत्र्या नकोत, रेनकोट हवेत. रांगेत छत्री म्हणजे पुढच्याच्या मानेत पन्हाळ. शाळेच्या चिठ्ठीत सौभाग्यवतीने ‘ताप’ न लिहिता ‘सहल’ असे लिहिले. वर्गशिक्षिकांनी त्यावर नुसती सही केली.

खोपोली लोकल डोंबिवलीहून निघाली तेव्हा भुरभुर पाऊस होता. बदलापूर मागे पडले आणि दोन्ही बाजूंना हिरवे झाले. भिवपुरी, कर्जतच्या शेतांत भाताची लावणी चालली होती. डोक्यावरून प्लॅस्टिकचे कागद घेतलेल्या बायका ओळीने वाकून रोपे खोचत होत्या. धाकट्याने विचारले, "बाबा, लावणी म्हणजे नाच ना?" मी उत्तर देणार तोच आई म्हणाली, "हा त्याचा विषय आहे, विचारू नकोस, कर्जत येईपर्यंत सांगेल." डोंगरावरून पांढऱ्या धारा खाली येत होत्या. थोरली खिडकीशी होती. बराच वेळ ती काही बोलली नाही, मध्येच वळून म्हणाली, "बाबा, हा ऋतू तुम्ही का खोडला होता?"

उद्यानात माणसे तुरळक. ज्या रांगांचे मी सहा वर्षे वर्णन करत होतो त्या रांगांचे कठडे नुसतेच वळणे घेत उभे होते आणि त्यांच्या मधून आम्ही पाच जण चालत होतो. लहानसहान पाळणे, अंधारातले खेळ, चित्रपटगृहे यांत सकाळ गेली. आई सगळ्यांत हिंडली. एका ठिकाणी खुर्ची हलू लागली तशी तिने शेजारच्या अनोळखी मुलीचा हात धरला आणि खेळ संपल्यावरही सोडला नाही. दुपारी पाऊस वाढला तसे मोठे पाळणे थांबले. आम्ही छपराखाली बसून राहिलो. समोर ती मोठी रोलर कोस्टर होती, नायट्रो. पाय टेकायला तळ नसलेली, वाटेत पाच वेळा डोके खाली पाय वर करणारी. पाऊस असाच पडत राहावा अशी प्रार्थना मी मनातल्या मनात करत होतो, हे लपवण्यात अर्थ नाही.

तासाभराने उघडीप झाली. एक रिकामी गाडी रुळांवरून दोनदा फिरवून आणली आणि मग दार उघडले. धाकटा उंचीच्या पट्टीखाली राहिला. सौभाग्यवती त्याला घेऊन दुसरीकडे गेली. थोरली उठली आणि माझ्याकडे पाहत उभी राहिली.

"बाबा, येता?"

माझ्या तोंडाशी आले होते की, रूळ ओले आहेत, आत्ताच पाऊस पडून गेला आहे, ही वेळ चांगली नाही. अगदी जिभेवर आले होते. शेजारी आई बसली होती. तिने माझ्याकडे पाहिलेही नाही.

"मला भीती वाटते," मी म्हणालो.

थोरली क्षणभर गप्प राहिली. "खरंच?"

"फार वाटते. लहान पाळण्याचीसुद्धा."

"मग मला एकटीला जायला सांगणार?" ती म्हणाली. "मला काय वाटत नाही होय? म्हणून तर तुम्हाला विचारतेय."

आईने हात पुढे केला. मी तिच्याजवळ चष्मा, पाकीट आणि चपला दिल्या. त्यामुळे गाडी खडखडत त्या चढावर गेली तेव्हा वरून सह्याद्री कसा दिसतो ते मी सांगू शकणार नाही; मला नुसता हिरवा-करडा धूर दिसला. थोरलीचा हात माझ्या मनगटावर होता, इतका घट्ट की तिची नखे रुतत होती. वर पोहोचल्यावर गाडी किंचित थांबल्यासारखी वाटली. नाकावर पावसाचा एक थेंब पडला. पुढचे मला काही आठवत नाही. आठवते ते एवढेच की खाली आल्यावर माझे गुडघे माझे राहिले नव्हते, थोरली रडत होती की हसत होती ते कळत नव्हते, आणि आई बाकावरून उठून उभी राहिली होती, हातात माझ्या चपला धरून.

परतीच्या गाडीत धाकटा आईच्या मांडीवर झोपला. लौजी गेले, डोळवली गेले. थोरलीने आजीच्या खांद्यावर डोके टेकले.

"आजी, वर सगळ्यांत मोठ्यानं कोण ओरडत होतं, ओळख बघू."

"ओळखायचं काय त्यात?" आई खिडकीबाहेर पाहत म्हणाली. "इंजेक्शनला नेलं की तुझा बाप असाच ओरडायचा. सगळा दवाखाना गोळा व्हायचा."

केळवलीला पाऊस पुन्हा आत येऊ लागला, तेव्हा तिने हात लांब करून खिडकी खाली ओढली.